अकरा सेकंदांचा तुकडा

“ताई, हिनं आज माझं नाक धरून ‘ना’ म्हटलं. देवाशप्पथ!”

हर्षाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कडेवर रेवा, आणि रेवाची मूठ खरोखरच हर्षालीच्या नाकावर.

“‘ना’ म्हटलं की नुसतं तोंड उघडलं?” मी पोळी उलटता उलटता विचारलं.

“थोडं हवेतच म्हटलं. पण म्हटलं.”

“मी ऐकल्याशिवाय धरणार नाही.”

“तुम्ही परीक्षक झालात ना ताई, तर एक पोरगी पास व्हायची नाही,” असं म्हणून तिनं डब्यातली गरम पोळी उचलली, गुंडाळी केली आणि उभ्या उभ्या खायला लागली.

रेवा तेव्हा अडीच वर्षांची होती आणि एकही शब्द बोलत नव्हती. नाशिकला नेऊन कान तपासून झाले होते. ऐकू येत होतं. तिथल्या बाईंनी सांगितलं होतं की तिला तुमचे ओठ दिसू द्या, बोलताना समोर बसा, आणि तुम्हीही तिचे ओठ बघायला शिका. आधी आकार येतो, मग आवाज. तेव्हापासून मी बघत होते. ‘प’, ‘ब’, ‘म’ला ओठ मिटतात. ‘आ’ला जबडा खाली येतो. ‘ओ’ आणि ‘ऊ’ला ओठांचा चंबू होतो. सहा महिन्यांत सवय अशी लागली, की काचेपलीकडे उभ्या असलेल्या बायका काय बोलतायत तेही मला कळायचं. कळतं असं मला वाटायचं.

कौस्तुभ, माझा नवरा, विमान चालवायला शिकवायचा. खानदेशात कपाशीच्या शेतांमधून काढलेली एक धावपट्टी, तिच्या कडेला पत्र्याचं हँगर, चार छोटी विमानं, वीसेक विद्यार्थी. कुंपणाला लागून असलेल्या क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो. लग्नाआधी मी पुण्यात एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते. इथं मी सकाळी विमानं मोजायची. तीन वर गेली की तीन खाली येईपर्यंत चहा घशाखाली उतरत नसे.

व्हिडिओचं काम त्यातूनच माझ्याकडे आलं. विद्यार्थ्यांना आपापल्या चुका दिसाव्यात म्हणून कौस्तुभनं एक छोटा कॅमेरा घेतला होता. विमानाच्या पुढच्या काचेवर तो आतल्या बाजूला तोंड करून चिकटवायचा. एका सीटवर विद्यार्थी, शेजारच्या सीटवर कौस्तुभ, दोघांचे चेहरे, दोघांचे हात, सगळं दिसायचं. दुपारी रेवा झोपली की मी कार्ड लॅपटॉपला लावायची, उड्डाण आणि उतरणं एवढंच कापून काढायची आणि ज्याचं त्याला पाठवायची. “तुला काम होईल आणि मी जिवंत आहे तेही दिसेल,” असं कौस्तुभ म्हणाला होता.

आवाज मात्र नसायचा. आतलं बोलणं हेडफोनमधून चालतं. कॅमेऱ्याला ऐकू येते ती इंजिनाची घरघर. हेडफोनमधला आवाज कॅमेऱ्यात नेणारी एक वायर होती, ती केव्हाच तुटली होती.

“ती वायर द्या ना मला,” हर्षाली त्या दिवशी पोळीचा शेवटचा घास गिळत म्हणाली. “वर्कशॉपमध्ये सोल्डरिंग गन आहे. दोन टाके घालायचेत फक्त. मोटार वाइंडिंगवाल्याची पोरगी आहे मी.”

“कशाला? काय बोलता ते कळतं मला.”

“ते माहितीये. सर म्हणतात, आमच्या घरी रोज दुपारी मूकपट असतो.”

ती हसली. मीही हसले. पण वायर शोधायला ड्रॉवर उघडला तेव्हा मनात एवढंच होतं, की हे त्यानं हिला कधी सांगितलं?

हर्षाली बोरसे एकोणीस वर्षांची होती. तापीकाठच्या एका गावची. वडील शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचे. आई ती शाळेत असतानाच गेली होती. विद्यार्थ्यांमध्ये एकटीच मुलगी, म्हणून कौस्तुभनंच तिला पहिल्यांदा घरी आणलं होतं. “हिला मेसचं वरण सोसत नाही,” एवढं म्हणून तो हात धुवायला गेला होता. तेव्हापासून ती येत होती. रेवाला उचलायची, भांडी विसळायची आणि माझ्या फोडणीला नावं ठेवायची.

त्याच दुपारी मी तो तुकडा पाहिला.

विमान धावपट्टीवर सरळ उभं. हर्षालीचा एक हात सुकाणूवर, दुसरा थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवायच्या त्या काळ्या गोल दांडीवर. विमान धावायला लागलं. चित्र थरथरायला लागलं. आणि कौस्तुभचा हात आला आणि तिच्या हातावर बसला.

मी दिलेलं घड्याळ त्या मनगटावर होतं.

हात उठेना. विमान जमीन सोडून वर गेलं तरी हात तिथंच. कौस्तुभचं तोंड तिच्याकडे वळलं. माइकची दांडी ओठांच्या कोपऱ्याशी होती, पण बाकीचं दिसत होतं. जबडा खाली आला. ओठ गोल झाले. पुन्हा गोल. पुन्हा गोल.

मी मागं नेऊन परत लावलं. हा. सो. डू. को.

हात सोडू नकोस.

दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. नंतर हर्षालीनं मान वळवली, थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि जीभ चावून हसली. मला वाटलं, चोरी पकडली गेली की माणूस असं हसतं.

कौस्तुभ दोनला जेवायला आला. मी ताट वाढलं.

“हर्षालीचा सोलो पुढच्या आठवड्यात टाकतोय,” तो म्हणाला. सोलो म्हणजे शिकवणारा खाली उतरतो आणि विद्यार्थी पहिल्यांदा एकटा विमान घेऊन जातो. त्या दिवशी परत आल्यावर सगळे मिळून त्याच्या अंगावर बादलीभर पाणी ओततात. “चांगली आहे पोरगी. फक्त एकच...”

“फक्त काय?”

“काही नाही. होईल. थोडं धरून ठेवावं लागतं तिला.”

आमटीचा भुरका मारून तो रेवाकडे वळला. “काय गं, आज कुणाचं नाक धरलंस?”

म्हणजे हेही तिनं त्याला लगेच सांगितलं होतं.

मी विचारलं नाही. समोर बसलेल्या माणसाला विचारायला एक वाक्य पुरलं असतं. पण विचारलं की उत्तर येणार, आणि उत्तर आलं की बोलत नसलेल्या मुलीला घेऊन मी कुठं जाणार, इथपर्यंत माझं सगळं त्याचं पान वाढता वाढता ठरून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तो तुकडा कापला. त्याचा हात तिच्या हातावर बसतो तिथपासून ती हसते तिथपर्यंत. अकरा सेकंद. हर्षालीच्या वडिलांचा नंबर माझ्याकडे होता. मध्ये तिचा फोन बिघडला तेव्हा ती माझ्याच फोनवरून रोज अण्णांशी बोलायची. तुकडा त्यांना पाठवला. खाली काय लिहावं यावर मी बराच वेळ घालवला. आरोप वाटता कामा नये, भांडण वाटता कामा नये. शेवटी लिहिलं, ‘फक्त आपल्या माहितीसाठी.’

कॉलेजात असताना प्राचार्यांकडे पत्र जायचं ना, त्यावर असायचं तसं.

मग मी रेवाला समोर बसवून तिला ‘पपा’ शिकवलं. एका मुलीची आई म्हणून दुसऱ्याच्या मुलीची काळजी केली, असं मी स्वतःला सांगितलं. मला ते पटलंही.

तिसऱ्या दिवशी दुपारी दाराची कडी वाजली.

पांढरा शर्ट, बोटांची टोकं वार्निशनं काळी पडलेली, हातात कापडी पिशवी. “हर्षालीचे वडील,” ते म्हणाले. “तुमचा निरोप मिळाला.”

“या ना, आत या. पाणी...”

“नको ताई. तेवढं तिला बोलवून घ्या. हॉस्टेलवरून सामान घेऊनच आलोय.”

पिशवीच्या तोंडातून तिचा निळा टॉवेल दिसत होता. मी फोन केला. हँगरकडून हर्षाली पळतच आली. गणवेशातच होती, घामानं कपाळाला केस चिकटलेले.

“अण्णा! आज कसे काय? ताई, तुम्हाला एक गंमत...”

“चल,” अण्णा म्हणाले. “आजी आठवण काढतेय.”

“म्हणजे? रविवारी येतेय की मी. परवा तर बोलले तिच्याशी.”

“चल म्हटलं ना, बेटा.”

“अण्णा, माझा सोलो आहे. सरांना तरी सांगू द्या.”

“सरांना मी नंतर फोन करीन.”

तिनं आधी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काहीतरी बोलेन अशी वाट बघत राहिली. मी खाली वाकून रेवाच्या झबल्याचं बटण लावत होते. ते लागलेलंच होतं. मी काढून परत लावलं.

“ताई?” हर्षाली म्हणाली.

“जाऊन ये,” मी म्हटलं. “घरचे म्हणतायत तर जाऊन ये.”

ती फाटकाकडे निघाली. अण्णा दोन पावलं मागं राहिले आणि त्यांनी मला हात जोडले. “उपकार झाले ताई. तिला आई नाही. आईचं काम तुम्ही केलं.”

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुतेक “अहो, त्यात काय” असंच काहीतरी म्हटलं असणार.

कौस्तुभला कळलं ते संध्याकाळी. अण्णांनी फोनवर एवढंच सांगितलं की घरची अडचण आहे, ती आता येणार नाही. तो अंगणातल्या खुर्चीत बसून राहिला.

“सोलोच्या तोंडावर कोण नेतं गं? माझं काही चुकलं का? मी ओरडायचो तिच्यावर, पण एवढं नाही.”

“घरची अडचण म्हणालेत ना?”

“कसली?”

“मला काय माहीत?”

ते माझं त्याच्याशी बोललेलं पहिलं सरळ खोटं. नंतरची मोजली नाहीत.

चार दिवस मी कार्डांना हात लावला नाही. पाचव्या दिवशी बाकीच्या विद्यार्थ्यांनी कौस्तुभकडे तगादा लावला, म्हणून दुपारी रेवा झोपल्यावर लॅपटॉप उघडला. पहिल्याच कार्डावर हर्षाली होती. अण्णा आले त्या दिवशी सकाळचं उड्डाण. पुढं ढकलून दुसऱ्याचं काढावं म्हणून मी बोट उचललं, आणि खोलीत आवाज आला.

“आवाज येतोय का, ताई?”

मी दचकून मागं पाहिलं. रेवा गाढ झोपेत होती. आवाज लॅपटॉपमधून येत होता. हर्षाली कॅमेऱ्याकडे तोंड करून बोलत होती. “वायर केली दुरुस्त. आता तुम्हाला ओठ बघत बसायला नको. सर, ऐकू जाईल ना त्यांना?”

“जाईल, जाईल,” कौस्तुभचा आवाज. “आता मला नीट बोलावं लागणार. बरं, बाई, गेल्या वेळचं लक्षात आहे?”

“हो सर. थ्रॉटलवरचा हात काढायचा नाही.”

“का?”

“दांडी थरथरून मागं सरकते. ताकद कमी होते. तेवढ्यात जमीन सुटली असली तर मेलो.”

“आणि तू काय करतेस?”

“दोन्ही हातांनी सुकाणू धरते. बैलगाडीसारखं.”

“हां. चल.”

विमान धावायला लागलं. अर्ध्या पट्टीवर तिचा उजवा हात थ्रॉटलवरून उठला आणि सुकाणूकडे झेपावला. “हात!” कौस्तुभ ओरडला. तिनं परत ठेवला. परत उठला. त्यानं तिचा हात धरून थ्रॉटलवर आणला आणि वर आपला दाबून ठेवला. “हात सोडू नकोस. सोडू नकोस म्हणतो ना! किती वेळा? हात सोडू नकोस.”

“सॉरी सर, सॉरी, सॉरी.”

तिनं कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि जीभ चावली. “ताई, हे कापा हां.”

मी लॅपटॉप बंद केला. परत उघडला. जुनं कार्ड शोधलं. मी पाठवलेल्या अकरा सेकंदांच्या आधी काय आहे, ते बघायचं होतं. तिथंही तिचा हात उठला होता. कौस्तुभनं मान झटकून काहीतरी म्हटलं, हात परत खाली आला, परत उठला. चार सेकंद. आवाजाची गरजच नव्हती.

आणि बघताना लक्षात आलं, की हे मी पहिल्यांदा बघत नव्हते.

रविवारी कौस्तुभला सांगितलं, नाशिकला बाईंकडे जाऊन येते. रेवाला घेतलं आणि उलट्या दिशेची एसटी पकडली. दीड तासाचा रस्ता. त्या दीड तासात मी एक वाक्य तयार केलं.

अण्णांचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. ते पाटावर बसून एका उघड्या मोटारीत तांब्याची तार भरत होते. मला पाहून उठले, खुर्ची पुसली. रेवाला गुळाचा खडा दिला.

“अण्णा, तो व्हिडिओ,” मी फोन पुढं केला. “ह्यात आवाज आहे. तेवढं ऐका. त्या तुकड्यात आवाज नव्हता. गैरसमज झाला.”

“कोणता व्हिडिओ?”

“मी पाठवलेला.”

“तो मी पाहिला नाही,” अण्णा म्हणाले.

मला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही.

“नाही पाहिला,” ते पुन्हा म्हणाले. “वर बारीकसं चित्र दिसलं, तिचा चेहरा दिसला, खाली तुमचे शब्द. पुढं दाबवलं नाही. बाप कसा बघेल ताई ते?” त्यांनी तारेचं टोक बोटाला गुंडाळलं. “म्हटलं, बाई शिकलेली. सरांच्याच घरची. आपल्याच घरावर चिखल उगाच कोण उडवेल? एका मुलीची आई आहे, तिनं पाठवलं म्हणजे असणारच. हर्षालीलाही काही विचारलं नाही. विचारून तिला काय बोलायला लावायचं?”

माझा हात फोनसकट पुढंच राहिला होता. त्यात कौस्तुभचा आवाज होता, हर्षालीचा आवाज होता, सगळा पुरावा होता. आणि त्यांनी जे केलं ते पुरावा बघून केलंच नव्हतं.

“गैरसमज झाला म्हणता,” अण्णा म्हणाले. “कोणाचा?”

‘गैरसमज झाला’ हेच ते वाक्य मी एसटीत घोटून आणलं होतं. त्यात कुणी काही केलेलं नव्हतं, ते आपोआप झालं होतं.

“माझा,” मी म्हटलं.

“जरा मोठ्यानं बोला. ती आत आहे. मी सांगण्यापेक्षा तुमच्या तोंडून ऐकू दे.”

“माझा. मी चुकले. सरांनी काही केलं नाही. हर्षालीनंही काही केलं नाही. मी नको ते पाहिलं आणि तुम्हाला कळवलं.”

आतल्या खोलीत भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. हर्षाली दारात आली. रेवा तिला बघताच माझ्या मांडीवरून घसरली, पळत जाऊन तिच्या पायाला बिलगली. तिनं सवयीनं उचलून घेतलं, पण डोळे माझ्यावरच.

“काय पाठवलं होतं, ताई?”

मी दाखवलं. तिनं अकरा सेकंद उभ्यानं पाहिले. पुन्हा पाहिले.

“ह्याच्या आधीचं कुठंय?” ती म्हणाली. “माझा हात सुटला होता ते?”

“कापलं.”

“का?”

“लांब होत होतं.”

हे मी खरंच म्हटलं. एकोणीस वर्षांच्या मुलीसमोर, तिच्या बापासमोर.

रेवानं हात वर केला, तिचं नाक मुठीत धरलं आणि म्हणाली, “ना.”

स्पष्ट. दुकानात घुमलं. माझ्या मुलीचा पहिला शब्द.

“मी म्हटलं होतं,” हर्षाली हळूच म्हणाली.

अण्णा पुन्हा पाटावर बसले. हर्षालीनं विचारलं, “सरांना माहितीये?”

“नाही.”

“सांगणार?”

मी गुळाच्या खड्याला चिकटलेली मुंगी काढत होते.

“बरं,” ती म्हणाली. “परत आलेच, तर मी सांगीन आजी आजारी होती. पण सरांबरोबर नाही उडणार मी. ते शेजारी बसले की मला तुम्हीच दिसाल.”

तिनं रेवाला माझ्या कडेवर दिलं. चहा तिनंच केला. मी सगळा प्यायले, कारण तो टाकून उठायची हिंमत नव्हती.

ती परत आली ती चार महिन्यांनी. पोरगी शिकायला गेली होती ती मध्येच परत का आली, यावर गावात जे बोलून व्हायचं होतं ते व्हायला तेवढा वेळ लागला. तिनं ऑफिसात लेखी अर्ज देऊन दुसरे शिकवणारे मागून घेतले. कौस्तुभनं तो अर्ज मला वाचून दाखवला. “बघ. म्हणजे माझंच काहीतरी होतं. माझं काय चुकलं असेल गं?” रेवा आता अकरा वर्षांची आहे, आम्ही ते गाव सोडूनही बरीच वर्षं झाली. तरी एखादा विद्यार्थी मध्येच सोडून गेला, की तो हे विचारतो. विद्यार्थ्याच्या हाताला तो आता हात लावत नाही. आधी तोंडानं दहा वेळा सांगतो.

हर्षाली आमच्या घरी नंतर कधी आली नाही. दिसली की “काय ताई, रेवा कशी आहे?” एवढं थांबून विचारायची. त्यात काही खोट काढावी असं नव्हतं.

तिचा सोलो झाला त्या सकाळी मी रेवाला घेऊन कुंपणापाशी उभी होते. विमान गेलं एकदाच, वळसा घालून आलं एकदाच. उतरताना एकदा हलकं उसळलं आणि बसलं. पोरांनी बादल्या ओतल्या. ती निथळत उभी राहून हसत होती. रेवा ओरडली, “पाणी!” तोपर्यंत तिला वीसेक शब्द येत होते. हर्षालीनं आमच्या दिशेला पाहिलं, हात हलवला. रेवाला हलवला की मला, ते कळलं नाही.

त्या दिवशी दुपारी कौस्तुभनं कार्ड स्वतः लॅपटॉपला लावलं. “ये, बघू तर. शेवटी माझीच विद्यार्थिनी.”

मी त्याच्या मागं उभी राहिले.

शेजारची सीट रिकामी होती. पट्टा नीट बांधून ठेवलेला. हर्षाली एकटी. आणि घरघर, नुसती घरघर.

“वायर लावायची विसरली वाटतं,” कौस्तुभ म्हणाला. “तिनंच दुरुस्त केली होती ना?”

हर्षाली वायर विसरणारी नव्हती.

विमान धावायला लागलं. चित्र थरथरलं. तिचा उजवा हात थ्रॉटलवर होता आणि तो उठला नाही. बोटांची पेरं पांढरी पडली होती, पण उठला नाही. अर्धी पट्टी गेली. जमीन सुटली. हात तिथंच.

“शाब्बास!” कौस्तुभनं टेबलावर थाप मारली. मग तो पडद्याजवळ वाकला. “ए, काहीतरी बोलतेय बघ ती. एकटीच. थांब, मागं नेतो.”

त्यानं मागं नेलं. तिचा जबडा खाली आला. ओठ गोल झाले. पुन्हा गोल. पुन्हा गोल. मग परत पहिल्यापासून.

“काय म्हणतेय गं?” त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. “तुला कळतात ना ओठ?”

“नाही,” मी म्हटलं. “नाही कळत.”